फिरत्या घराचें जादा चाक

प्रवासाची तयारी म्हटली म्हणजे आपल्या घरांत आधीं याद्या होतात. लाडू-चिवड्याचे डबे, आजोबांचीं औषधें, देवांची पेटी, मुलांच्या स्वेटरांचें गांठोडें, या सर्वांच्या जागा आदल्या रात्रींच ठरतात. आणि घरची कर्ती बाई कोणता जिन्नस कोणत्या पिशवींत आहे हें अंधारांतहि सांगूं शकते. परंतु ज्या एका वस्तूवांचून हा सारा संसार रस्त्याच्या कडेला अडून राहावयाचा, त्या जादा चाकाची जागा मात्र आपण कधीं ठरवीत नाहीं. कारखानदारानें जेथें ठेवलें असेल तेथें तें असतें, आणि पुष्कळदां पहिल्या पंक्चरापर्यंत यजमानांसहि तें ठाऊक नसतें. साध्या मोटारीच्या बाबतींत हें अज्ञान खपून जातें. मोटारीमागें घर जोडून प्रवासास निघणाऱ्यांस मात्र तें परवडणारें नाहीं, असें आमचें मत झालें आहे. आणि तें कां झालें, हें सविस्तर सांगण्याचा येथें विचार आहे.

मोटारीमागें जोडावयाचें घर म्हणजे ट्रेलर-कॅरव्हॅन. तिला स्वतःचें यंत्र नसतें. बहुधा दोनच चाकें, वर एक खोली, तींत बिछाने, चूल, पाण्याची टांकी आणि शौचकूप. १८८५ सालीं इंग्लंडांत डॉ. गॉर्डन स्टेबल्स या लेखकानें ब्रिस्टलच्या एका गाड्यांच्या कारखान्याकडून 'वाँडरर' नांवाची घोड्यांनीं ओढावयाची अशी एक गाडी केवळ हौसेच्या प्रवासासाठीं बांधून घेतली, आणि तेव्हांपासून या हौसेचा इतिहास मोजतात. पहिल्या महायुद्धानंतर घोड्यांची जागा मोटारीनें घेतली. आपल्याकडील दमणी अगर सारवट गाडी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस यांत अपूर्व असें कांहीं वाटणार नाहीं. जेजुरीच्या अगर तुळजापूरच्या यात्रेस गाडींतच बिऱ्हाड मांडून जाणारीं कुटुंबें आपल्या आजोबांच्या वेळीं थोडीं नव्हतीं. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरव्हॅन-पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, त्यामुळें या विषयाकडे पुन्हां लोकांचें लक्ष वळलें आहे. आपल्या देशांत दिसणाऱ्या कॅरव्हॅन बहुतेक स्वतःच्या यंत्रानें चालणाऱ्या असतात. ओढण्याच्या फारच थोड्या.

अशा थोड्यांपैकीं एक सोलापुरास सात रस्त्याजवळ राहणाऱ्या आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत आहे. तिघे भाऊ एकत्र राहतात. घरांत ऐंशी वर्षें पार केलेल्या आजी आहेत, आणि सोंवळें अद्याप कडकपणें पाळणाऱ्या एक आत्याबाई आहेत. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर हीं सर्व क्षेत्रें सोलापुराहून एका दिवसाच्या पल्ल्यांत. परंतु आजींचे गुडघे आणि आत्याबाईंचें सोंवळें या दोन कारणांमुळें कित्येक वर्षें कोठेंच जाणें झालें नव्हतें. धर्मशाळेंतील शौचकूप एकीस चालत नाहीं, आणि हॉटेलांतील अन्न दुसरीस. घरच मागें जोडून नेलें तर दोन्ही अडचणी सुटतात, हा विचार थोरल्या सूनबाईंचा, आणि तो सर्वांस पटला. (गाडी चालूं असतांना घरांत कोणी बसावयाचें नाहीं, मंडळी मोटारींतच बसावयाची, हा नियम मात्र त्यांनीं पहिल्या दिवसापासून पाळला. ज्यांस तो ठाऊक नसेल त्यांनीं ध्यानांत ठेवावा.)

घर आलें, पूजा झाली, नारळ फुटला, आणि मग त्याचें जादा चाक कोठें बांधावयाचें यावर घरांत वाद सुरू झाला. तो वाद ऐकण्याचा योग आम्हांस आला, आणि त्यांतूनच हा विषय किती खोल आहे हें ध्यानांत आलें.

चाकाची कथा थोडी सांगतों. आपण सर्व त्यास 'स्टेपनी' म्हणतों. महाराष्ट्रांतील कोणत्याहि पंक्चरवाल्यास हा शब्द समजतो; साहेबास मात्र समजत नाहीं, त्याच्या भाषेंतून तो केव्हांच गेला. वेल्स प्रांतांत लानेल्ली नांवाचें गांव आहे, तेथील स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनीं १९०४ च्या सुमारास एक युक्ति विक्रीस आणली. त्या काळच्या मोटारींना जादा चाक देण्याची चाल नव्हती. टायर फुटला कीं रस्त्यांतच तो काढून, ठिगळ लावून, पुन्हां चढवावा लागे. डेव्हिस बंधूंनीं आरे नसलेली, हवा भरलेल्या टायरासह एक धांव तयार केली. ती फुटलेल्या चाकाच्या बाजूस आंकड्यांनीं जखडावयाची, आणि घर गांठावयाचें. पुढें पूर्ण चाकच काढतां-घालतां येऊं लागलें, मूळ युक्ति मागें पडली, आणि वेल्समधील एका रस्त्याचें नांव तेवढें आपल्या गॅरेजांतून टिकून राहिलें.

आतां मुख्य प्रश्न. टायरासह चाकाचें वजन लहान ट्रेलरच्या बाबतींत पंधरा ते वीस किलो असतें. हजार किलोंच्या घरास वीस किलोंचें काय एवढें, असें धाकटे बंधु म्हणत होते. परंतु बैलगाडींत पोतीं भरणारा आपला कोणताहि शेतकरी हें म्हणणार नाहीं. गाडीला दोनच चाकें असलीं म्हणजे ती तराजूच्या दांडीसारखी असते. आंस हा तिचा कांटा. मागें वजन जास्त झालें तर जूं बैलांच्या मानेवरून वर उचलूं लागतें, गळ्यांतील पट्टे आवळतात. त्यास 'गाडी उलाळ झाली' असें म्हणतात. पुढें जास्त झालें तर बैलांच्या मानेवर भार येऊन तीं जनावरें वाटेंत बसतात. म्हणून जाणता गाडीवान एक पोतें पुढें, एक मागें सरकवून, जूं हातानें उचलून पाहतो, आणि जुवावर थोडासाच दाब राहील असें करून मग बैल जुंपतो.

मोटारीमागील घराचा न्याय अगदीं हाच आहे. फक्त जुवाच्या जागीं मोटारीच्या मागील लोखंडी गोळा असतो. त्या गोळ्यावर घराच्या एकंदर वजनाचा कांहीं भाग दाबून राहिला पाहिजे. इंग्लंडांत तो भाग शेंकडा पांच ते सात, आणि अमेरिकेंतील जड ट्रेलरांच्या बाबतींत शेंकडा दहा ते पंधरा धरतात; शिवाय मोटारीच्या कारखानदारानें जी कमाल मर्यादा दिली असेल ती ओलांडावयाची नसते. दाब कमी पडला, म्हणजे घर उलाळ झालें, कीं तें बैलगाडीप्रमाणें नुसतें कुरकुरत नाहीं. ताशीं सत्तर-ऐंशीच्या वेगांत शेजारून एखादी मोठी बस वाऱ्याचा झोत सोडून गेली, कीं तें डावी-उजवीकडे झोले खाऊं लागतें. प्रत्येक झोल्याबरोबर मोटारीचें मागचें अंग ओढलें जातें, आणि झोले वाढत गेले तर दोन्ही वाहनें उलटतात. अशा वेळीं जोरानें ब्रेक दाबणें सर्वांत वाईट. पाय यंत्रावरून काढून, चाक सरळ धरून वेग आपोआप उतरूं देणें हाच उपाय. पण उपायाची वेळच येऊं नये हें बरें.

तर या तराजूंत वीस किलोंचें चाक कोठें टांगलें असतां काय होतें, याचें गणित थोरल्या बंधूंनीं, जे स्थापत्याचे अभियंते म्हणून निवृत्त झाले आहेत, पाटीवर करून दाखविलें. घराचें वजन हजार किलो. आंसापासून गोळा चार मीटर पुढें. चाक पुढच्या दांड्यावर, म्हणजे आंसापुढें तीन मीटरांवर ठेवलें, तर गोळ्यावर वीस गुणिले तीन भागिले चार, म्हणजे पंधरा किलोंचा दाब वाढतो. तेंच चाक उचलून मागच्या बंपरावर, आंसामागें तीन मीटरांवर टांगलें, तर पंधरा किलो दाब कमी होतो. दोन्ही मिळून फरक तीस किलोंचा. पुढें चाक असतां गोळ्यावर सत्तर किलो दाब, म्हणजे शेंकडा सात होता, तर चाक मागें नेल्याबरोबर तो चाळीसांवर आला; पांच टक्क्यांच्या खालीं. एकही भांडें न हालवितां, केवळ एका चाकाची जागा बदलल्यानें चांगलें भरलेलें घर उलाळ झालें. धाकटे बंधु यावर कांहीं बोलले नाहींत. परंतु चाक मागेंच बसविलें गेलें. कारण, मागें जागा मोकळी होती, दिसावयास तें ऐटदार दिसे, आणि ज्या कारागिरानें तें बसवून दिलें त्यानें, सगळे असेंच लावतात, असा निर्वाळा दिला होता.

मागच्या बंपरावर चाक टांगण्याची चाल अमेरिकेंतून आली. तेथील ट्रेलरांचा बंपर म्हणजे पातळ पत्र्याची पोकळ चौकोनी नळी असते, आणि तींत सांडपाण्याची रबरी नळी गुंडाळून ठेवण्याची सोय असते. यावरूनच ती नळी किती भार उचलण्यासाठीं केलेली आहे याचा अंदाज यावा. चाक उभें टांगलें कीं तें प्रत्येक खड्ड्यांत मागेंपुढें हिसके देतें. उभ्या गाडींत वीस किलो असलेला भार खड्ड्यांतून उसळतांना क्षणमात्र कित्येक पटींनीं वाढतो, आणि हा सगळा मार बंपराच्या दोन टोंकांच्या वेल्डिंगवर बसतो. लोखंड एका तडाख्यानें तुटत नाहीं. हजारों लहान तडाख्यांनीं थकून तडकतें. कापड फाडतांना आपण जसें आधीं एक कातर देतों, तशी ती पहिली बारीक चीर असते.

या कुटुंबाच्या बाबतींत तेंच घडलें. कार्तिकीनंतर गर्दी ओसरल्यावर मंडळी पंढरपुरास गेलीं. दर्शन उत्तम झालें. आत्याबाईंनीं चंद्रभागेच्या वाळवंटाजवळ चाकांवरच्या सोंवळ्यांत पुरणपोळी केली. परत येतांना मोहोळच्या अलीकडे चहासाठीं थांबलीं असतां हॉटेलांतील पोऱ्यानें सांगितलें, "काका, तुमची स्टेपनी वांकडी झालीय." पाहतात तों एका बाजूचें वेल्डिंग सपशेल सुटलेलें, आणि दुसऱ्या बाजूचें निम्म्याहून अधिक चिरलेलें. चाक पडलें नव्हतें, एवढेंच. पंढरपुराहून तेथपर्यंतच्या रस्त्यांत त्यांच्या मागें किती मोटारसायकली होत्या, आणि कित्येकांवर पुढें मूल, मागें पत्नी अशीं कुटुंबें होतीं, हें थोरल्या सूनबाईंस आठवलें, आणि त्या दिवशीं त्यांनीं चहा घेतला नाहीं. जादा चाक नसलें तर आपण अडून राहूं. परंतु तें रस्त्यावर सुटून पडलें तर अडचण आपली राहत नाहीं, ती मागून येणाऱ्या परक्याच्या जिवावर जाते. मागील बंपराविरुद्ध आमचा सर्वांत मोठा आक्षेप तराजूचा नसून हा आहे.

मग मागें चाक कधींच लावूं नये काय? लावावयाचेंच असेल तर चौकट बंपरास नव्हे, घराच्या तळाशीं असलेल्या मुख्य लोखंडी तुळयांस बोल्टांनीं जखडावी. वरून एक साखळी स्वतंत्र बांधावी. आणि पुढें तेवढेंच वजन सरकवून गोळ्यावरील दाब पुन्हां मोजावा. त्यांतहि एक खोंच आहे. दोन्ही टोंकांस सारखें वजन ठेवल्यानें तराजू जुळतो खरा, परंतु घर झोले खाऊं लागलें तर थांबतां थांबत नाहीं. खांद्यावर कावड घेतलेल्या माणसास बोळांत वळतांना जो त्रास होतो तो हाच. तेंच पाणी कमरेवर एका घागरींत असलें तर तो सहज वळतो. म्हणून वजन जितकें आंसाजवळ तितकें चांगलें. मागील चाकानें दिवे अगर क्रमांकाची पाटी झांकली जात नाहीं ना, हेंहि पाहावें. ट्रेलर हें कायद्याच्या दृष्टीनें स्वतंत्र वाहन आहे. त्याचा स्वतःचा नोंदणी-क्रमांक तर असावाच लागतो, शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें ओढणाऱ्या मोटारीचा क्रमांकहि त्यावर दिसला पाहिजे.

छपरावर चाक नेण्याची सूचना धाकट्या चिरंजीवांनीं केली होती. तिच्यावर फार शब्द खर्चण्याचें कारण नाहीं. उंचावर वजन नेलें कीं वळणावर घर कलतें, आणि वीस किलोंचें चाक शिडीवरून उतरविणारा भीम प्रत्येक घरांत नसतो. घरांत, पुढच्या बिछान्याखालच्या पेटींत ठेवावें, ही जागा तराजूच्या दृष्टीनें वाईट नाहीं. पण चाक तेथें पट्ट्यांनीं घट्ट जखडलें पाहिजे, आणि एकदां बदललें कीं चिखलानें माखलेलें फुटकें चाक त्याच पेटींत परत जावयाचें असतें. बिछान्याखालीं रबराचा वास आणि शेजारीं देवांची पेटी! आत्याबाईंनीं या सूचनेचा निकाल दोन शब्दांत लाविला. मोटारीच्या डिकींत नेणें पुष्कळांस सोयीचें वाटतें; तेथें तें कोरडें राहतें आणि चोरीस जात नाहीं. परंतु हल्लीं सी.एन.जी. च्या टांकीनें ज्यांची निम्मी डिकी खाल्ली आहे, त्यांच्या मोटारीचेंच स्वतःचें चाक कोठें ठेवावें हा प्रश्न असतो; दुसरें चाक आलें म्हणजे सामान मुलांच्या पायांखालीं जातें.

राहिल्या दोन जागा: पुढचा त्रिकोणी दांडा, आणि घराचें पोट.

पुढच्या दांड्यावर चाक डोळ्यांसमोर राहतें, हातीं चटकन् येतें, आणि मजबूत लोखंडावर बसतें. गोळ्यावरील दाब वाढतो, तो आधीं कमी असेल तर हितकारकच. मोजावयाचा कसा, असें कोणी विचारील. तर पुढच्या आधारचाकाखालीं स्नानगृहांतील वजनकांटा ठेवून, वर फळी देऊन, घर सपाट जागेवर उभें करून पाहिलें तरी घरगुती कामापुरता अंदाज येतो. अडचणी दोन. लहान मोटारीची गोळ्यावरील मर्यादा पंचाहत्तर किलोंच्या आसपास असली तर ही जागा ती ओलांडूं शकते. आणि गॅसची टांकी तेथेंच असल्यामुळें गर्दी होऊन, अवघड वळणावर मोटारीचा मागचा कोपरा चाकास घासूं शकतो. बसविण्यापूर्वीं मोकळ्या पटांगणांत दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावें.

पोटाखालीं, आंसाच्या किंचित् पुढें, सरकत्या पिंजऱ्यांत चाक ठेवणें ही युरोपांतील रीत. आणि सर्व बाजूंनीं विचार करतां आमचा कौल हिलाच आहे. वजन खालीं राहतें, आंसाजवळ राहतें, घरांत घाण येत नाहीं, उन्हापासून टायर बचावतो. दोष नाहींत असें नव्हे. चिखल आणि पाणी सतत उडत राहिल्यानें पिंजऱ्याचे खिळे गंजून बसतात, आणि ऐन वेळीं एक इंचहि हालत नाहींत. त्यांस दर दोन महिन्यांनीं ग्रीस लागलेंच पाहिजे. दुसरा दोष अधिक मजेचा आहे. टायर बसला कीं घराचें तें अंग खालीं येतें, आणि पिंजरा बाहेर ओढण्याइतकी फट जमिनीशीं उरत नाहीं. म्हणजे ज्या संकटासाठीं चाक ठेवलें त्याच संकटांत तें निघत नाहीं. यासाठीं आधीं जॅक लावून घर उचलावें, मग पिंजरा ओढावा. पण ओढतांना शरीराचा कोणताहि भाग घराखालीं जातां कामा नये. आणि पिंजरा बसवितांना तो डावीकडे उघडेल असाच बसवून घ्यावा. आपल्याकडे वाहनें डाव्या बाजूनें चालतात. उजवीकडे उघडणारा पिंजरा ओढावयाचा म्हणजे धांवत्या ट्रकांकडे पाठ करून गुडघे टेकावयाचे.

येथें कोणी म्हणेल कीं, हा सारा खटाटोप हवाच कशाला? २०२० सालीं केंद्र सरकारनें नियमांत दुरुस्ती करून, ट्यूबविरहित टायर, हवेच्या दाबाची सूचना देणारें यंत्र आणि दुरुस्तीचें साहित्य ज्या प्रवासी मोटारींत आहे त्यांस जादा चाकाची सक्ति काढून टाकली. ती सवलत मोटारीची आहे. ओढण्याच्या घरास तिचा आधार घेणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं. मोटारीचें पुढचें चाक बसलें तर सुकाणूवरील हातास लगेच कळतें. मागच्या घराचें चाक बसलें तर चालकास पुष्कळ वेळ कळतच नाहीं. मागून येणारा कोणी हात करून सांगेपर्यंत टायराच्या चिंध्या झालेल्या असतात, आणि चिंध्यांस ठिगळ लागत नाहीं. दोन चाकांच्या घरास लंगडत जाण्याचीहि सोय नाहीं. मग घर रस्त्याच्या कडेला सोडून मोटारीनें शहर गांठावयाचें. आणि उसाच्या हंगामांत, मागें दिवा नसलेल्या ट्रॉल्या ज्या रस्त्यानें रात्रभर जात असतात त्या रस्त्यावर, अंधारांत, आपला बिछाना-भांड्यांचा संसार उभा ठेवावयाचा. हवेचा दाब सांगणारें यंत्र ट्रेलरच्या चाकांसहि बसवितां येतें, तें अवश्य बसवावें. पण चाकाऐवजीं नव्हे, चाकाबरोबर.

चाक कोणतें, यालाहि महत्त्व आहे. मोटारीची स्टेपनी घरास चालेल असें गृहीत धरूं नये. बोल्टांची संख्या आणि अंतर बहुधा निराळें असतें. टायराच्या बाजूवर भाराचा आंकडा असतो. ९१ असेल तर तो टायर ६१५ किलोंपर्यंत भार सोसतो. हजार किलोंच्या दोनचाकी घराचें प्रत्येक चाक साडेचारशें ते पांचशें किलो उचलीत असतें, तेव्हां जादा टायराचा आंकडा चालू टायरांहून कमी नसावा. तेथेंच चार आंकडी जन्मतारीखहि असते. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. घराचे टायर झिजून मरत नाहींत, उभे राहून राहून म्हातारे होतात, आणि टांगलेला टायर न चालतांच म्हातारा होतो. सोलापूरचा उन्हाळा चाळिसांच्या वर जातो. बाहेर टांगलेल्या चाकावर आच्छादन हवेंच. (घरांत सोलापुरी चादरींस तोटा नाहीं हें खरें, पण चादर पावसाचें पाणी धरून ठेवते, ताडपत्रीचें कापड बरें.)

मोहोळच्या प्रसंगानंतर या कुटुंबानें मागची चौकट काढून टाकली, आणि मुख्य तुळयांस बोल्ट मारून पोटाखालीं डावीकडे उघडणारा पिंजरा करून घेतला. मग एका रविवारीं सकाळीं घरापुढच्या पटांगणांत तालीम झाली. घर मोटारीस जोडलेलेंच ठेवलें, मोटारीचा हातब्रेक ओढला, दुसऱ्या बाजूच्या चाकास पुढें-मागें लांकडी ठोकळे लावले, मुलांस ओट्यावर बसविलें. चाक जमिनीवर असतांनाच नट एकेक फेरा सैल केले. अधांतरीं चाक फिरतें, मग नट सुटत नाहींत. जॅक कारखानदारानें खूण केलेल्या जागींच लावला. पहिल्या खेपेस पाऊण तास लागला. दुसऱ्या खेपेस थोरल्या सूनबाई आणि धाकटे बंधु या दोघांनींच पंचवीस मिनिटांत चाक बदललें. घड्याळ आजींच्या हातीं होतें, आणि त्यांनीं एक मिनिटहि सोडलें नाहीं.

एक उणीव त्याच तालमींत आजींच्या ध्यानांत आली. पटांगणांत फरशी होती म्हणून जॅक उभा राहिला. विजापूर रस्त्यानें थोडें बाहेर पडलें कीं दोन्ही कडांस काळी माती लागते, आणि पावसाळ्यांत ती माती बैलासहि पोटापर्यंत गिळते, मग जॅकची काय कथा. माळ्यावर जुन्या पाटाची एक हातभर लांब, दोन इंच जाड सागवानी फळी पडली होती. ती आतां पिंजऱ्याच्या शेजारीं पट्ट्यानें बांधलेली असते. नट आंवळण्याचा लांब दांड्याचा पाना, हातमोजे, त्रिकोणी लाल खूण आणि एक विजेरी दाराजवळच्या पहिल्या फडताळांत असतात, आणि कोणतें चाक केव्हां बदललें याची नोंद यादीच्या वहींत थोरल्या सूनबाई ठेवतात. चाक बदलल्यावर पन्नास-साठ किलोमीटरांवर थांबून नट पुन्हां एकदां आंवळावयाचे असतात. त्यासाठीं अक्कलकोट, तुळजापूर या प्रत्येक वाटेवरच्या चहाच्या जागा त्यांनीं आधींच लिहून ठेवल्या आहेत.